सॅम्पल सेलला जाताना अंगावर काय असावे

न्यूयॉर्कमधल्या सॅम्पल सेलला, म्हणजे डिझायनरांचे नमुन्याचे आणि शिल्लक राहिलेले कपडे स्वस्तात विकणाऱ्या सेलला, बहुतेक वेळा ट्रायल रूम नसते आणि एकदा घेतलेला कपडा परत घेतला जात नाही. घरून निघताना काय घालावे, हा प्रश्न या दोन अटींमुळे महत्त्वाचा ठरतो. एरवी दुकानात आपण पडद्याआड जाऊन निवांत कपडे बदलतो, आरशात पुढून-मागून पाहतो आणि घरी नेल्यावर मन बदलले तर पावती दाखवून पैसे परत मागतो. सेलमध्ये यातले काहीच नसल्यामुळे कपडा अंगावर चढवून पाहण्याची सगळी सोय आपल्याला आपल्याच पोशाखात करून न्यावी लागते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, की तिथे छान दिसायचा विचार बाजूला ठेवा आणि भर खोलीत, चार बायकांच्या गर्दीत, भराभर कपडे घालता-काढता येतील अशा बेताने तयार व्हा.

हे शहाणपण मला पहिल्याच खेपेला नव्वद डॉलरला पडले. फेब्रुवारीचा महिना होता. थंडी म्हणून आतून थर्मल, त्यावर लांब कुर्ता आणि चुडीदार, पायांत नाडीचे उंच बूट आणि वरून गुडघ्यापर्यंतचा पफर कोट असा जामानिमा करून मी गेले होते. दीड तास रांगेत उभे राहिल्यावर आत सोडले, तेव्हा समोर एकच मोठी उघडी खोली होती, भिंतीला टेकवलेले तीन आरसे होते आणि त्या आरशांपुढे पंचवीस-तीस बायका निःसंकोचपणे कपडे बदलत होत्या. मला हवी तशी गडद निळ्या लोकरीची पँट हाती लागली. पण ती घालून पाहायची तर आधी बूट काढायचे, मग घोट्याशी चुण्यांत घट्ट बसलेला चुडीदार सोलून काढायचा आणि हे सगळे एका पायावर उभे राहून, खांद्यावरचा कोट सांभाळत. मी ती पँट कुर्त्यावरूनच कमरेला लावून पाहिली, 'होईल' असे स्वतःला सांगितले आणि पैसे दिले. मुंबईत फॅशन स्ट्रीटवर कपडा अंगाला लावून अंदाज घेण्यात ज्यांचे कॉलेजचे दिवस गेले, त्यांना असा आत्मविश्वास असतोच. घरी आल्यावर पँट मांडीशी अडली. ती अजून कपाटात आहे, आणि तिचा पुढे काय उपयोग झाला ते शेवटी सांगते.

सेल कोणत्या प्रकारचा आहे, ते आधी पाहावे

सॅम्पल सेल या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. डिझायनर एखाद्या हंगामाचे कपडे आधी नमुन्यादाखल शिवतो, ते शोरूममध्ये दुकानांच्या खरेदीदारांना दाखवतो, मासिकांच्या फोटोंसाठी देतो, फॅशन शोमध्ये मॉडेलच्या अंगावर चढवतो. ऑर्डरी पक्क्या झाल्या, की त्या नमुन्यांचे काम संपते. हे नमुने पूर्वी कचेरीतल्या आणि ओळखीच्या लोकांना स्वस्तात विकले जात आणि पुढे ही विक्री सर्वांसाठी खुली झाली. दुसरा प्रकार म्हणजे हंगाम संपल्यावर दुकानांत न खपलेला शिल्लक माल, जो आज बहुतेक मोठ्या सेलमध्ये दिसतो. न्यूयॉर्कमध्ये असे सेल वर्षभर लागतात, तरी वसंत ऋतूच्या अखेरीस आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांची गर्दी अधिक असते.

पोशाख ठरवायला हा फरक उपयोगी पडतो. अस्सल नमुने शोरूमच्या मापाचे, म्हणजे साधारणपणे अमेरिकन २ किंवा ४ नंबरचे असतात आणि पावणेसहा फुटांच्या आसपास उंची असलेल्या मॉडेलसाठी बेतलेले असतात. आपल्यासारख्या सव्वापाच फुटी बाईला त्यांतल्या पँटी आणि ड्रेस बहुधा उपयोगाचे नसतात. कोट, जाकीट, स्कार्फ, पट्टे आणि बॅगा मात्र मिळून जातात. अशा सेलला जाताना वरच्या अंगाची तयारी नीट असली तरी पुरते. शिल्लक मालाच्या सेलमध्ये सगळी मापे असतात, म्हणून तिथे खालच्या अंगाचीही तयारी हवी. सेलच्या जाहिरातीत एक ओळ बारीक अक्षरांत असते, तीही वाचावी: 'घालून पाहण्याची सोय नाही' असे तिथे स्पष्ट लिहिले असेल, तर एकही कपडा अंगावर चढवू देत नाहीत आणि मग पोशाखापेक्षा मापाची टेप महत्त्वाची ठरते.

न्यू जर्सीतून येणाऱ्यांना जागा शोधायला त्रास नाही. एडिसनहून आगगाडीने पेन स्टेशनला किंवा जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने ३३व्या रस्त्यावर उतरले, की गारमेंट डिस्ट्रिक्ट हा कपड्यांच्या धंद्याचा जुना भाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि काही सेल तिथेच लागतात. सातव्या अ‍ॅव्हेन्यूला तिथे फॅशन अ‍ॅव्हेन्यू असेही म्हणतात आणि ३९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बटणात ओवलेल्या प्रचंड सुईचे शिल्प आहे. जवळच शिलाई यंत्रावर वाकून बसलेल्या कारागिराचा पुतळा आहे. सेलच्या रांगेत कंटाळलेल्या माणसाने तो जरूर पाहून यावा, मात्र रांगेतली जागा मागच्या बाईला सांगून. बाकीचे बरेच सेल तिथून खाली चेल्सी, फ्लॅटआयर्न आणि सोहो भागांत लागतात.

आतला थर

सगळी भिस्त या थरावर असते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. आपण चारचौघांत इतरांच्या नजरेसमोर उभ्या आहोत आणि अंगावर फक्त हा थर आहे, अशी वेळ येणारच आहे हे धरून चालावे. वर बिनबाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा बॉडीसूट किंवा गंजीसारखा टॉप आणि खाली मांडीपर्यंतची सायकलिंग शॉर्ट असा जोड सर्वांत सोयीचा. बॉडीसूटचा फायदा असा, की दहा कपडे डोक्यावरून काढले-घातले तरी तो वर सरकत नाही आणि पोट उघडे पडत नाही. शॉर्ट पातळ आणि बिनशिवणीची असावी. जाड शिवणीची शॉर्ट घालून पँट पाहिली, तर कमरेला आणि मांडीला उगाच अर्धा इंच वाढतो आणि बरोबर बसणारी पँट लहान वाटून आपण ती परत टांगतो.

कापडाचाही विचार करावा. सुती गंजी अंगाला बरी वाटते, पण अस्तर असलेला ड्रेस किंवा जाकीट तिच्यावरून सरकत नाही. बाही कोपराशी गोळा होते आणि घाईत आपण ती ओढतो. रेशमी अस्तराची शिवण अशाच ओढाताणीत उसवते आणि उसवलेली वस्तू मग आपल्याच गळ्यात पडते. नायलॉनचा गुळगुळीत थर असेल तर बाही हलक्या हाताने चढते. रांगेत गारठा असला तरी पूर्ण बाह्यांचे थर्मल वरच्या अंगात घालू नये, कारण जाकिटाचा मुंढा, म्हणजे बाही खांद्याशी जोडतात ती गोलाई, थर्मलवरून तपासणे म्हणजे माप चुकवून घेणे आहे.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडच्या बायकांची एक ठरलेली फसगत होते. दुकानांत 'न्यूड' म्हणून जो रंग वर्षानुवर्षे विकला गेला, तो गोऱ्या कातडीशी जुळणारा फिका बदामी आहे. गव्हाळ किंवा सावळ्या अंगावर तो पांढऱ्या शर्टाखालून पांढऱ्याइतकाच उठून दिसतो. आपल्या त्वचेशी जुळणारा तपकिरी रंग हल्ली सहज मिळतो, तोच घ्यावा. काळा रंग चारचौघांत सभ्य दिसतो खरा, पण फिक्या रंगाचा झिरझिरीत ब्लाउज किंवा उन्हाळी ड्रेस काळ्यावर घालून पाहिला तर कापडाचा खरा रंग आणि खरा पारदर्शकपणा कळत नाही. ब्रा गुळगुळीत, लेस नसलेली आणि पट्टे काढता येतील अशी असावी. संध्याकाळचे उघड्या खांद्यांचे पोशाख पाहायचे असतील, तर पट्टे तिथल्या तिथे काढून कमरेच्या पाकिटात टाकता येतात. आणि ज्या ब्रावर पुढे तो पोशाख प्रत्यक्षात घालणार, तीच ब्रा अंगात असली तर छातीची बसण अचूक कळते.

वरचा पोशाख

आतल्या थरावर जे घालायचे ते एका हाताने निघाले पाहिजे. वर पुढून बटणांचा सैल शर्ट किंवा पातळ कार्डिगन आणि खाली इलॅस्टिकच्या कमरेचा, घेरदार, पोटरीपर्यंतचा स्कर्ट, ही माझी आता ठरलेली जोडी आहे. स्कर्ट खालच्या अंगासाठी फिरत्या ट्रायल रूमचे काम करतो. पँट स्कर्टखालून चढवायची, कमरेशी बटण लावायचे आणि मग स्कर्ट वर छातीपर्यंत गुंडाळून किंवा डोक्यावरून काढून आरशात पाहायचे. काढताना हेच उलट्या क्रमाने. यात कुणाला काहीही दिसत नाही. नदीवर आंघोळ करून ओल्या लुगड्यावरून कोरडे लुगडे नेसणाऱ्या आपल्या आज्या हे काम भर घाटावर, बोलता बोलता करत. त्यांच्यापुढे स्कर्टाआडून पँट चढवणे हा अगदी प्राथमिक धडा आहे. इतर देशांतल्या बायकांनाही ही युक्ती अवगत असते. एका सेलमध्ये माझ्या शेजारी साठीच्या पुढची एक बाई अशाच काळ्या घेरदार स्कर्टात उभी होती आणि तिने मी एक जाकीट घालेपर्यंत स्कर्टाआड चार पँटी घालून पाहिल्या. पाचवी पँट तिने खांद्यावर टाकली आणि पुढच्या हँगरकडे वळली. तिच्या स्कर्टाच्या कमरेला नाडी नव्हती, बटण नव्हते, साधे रुंद इलॅस्टिक होते. मी त्याच आठवड्यात तसा शिवून घेतला.

स्कर्ट नको असेल तर सैल, इलॅस्टिकची पँट चालते. जीन्स मात्र टाळावी, कारण ती काढायला वेळ लागतो आणि घाम आलेल्या पायांवरून ती पुन्हा चढत नाही. जंपसूट आणि पाठीमागे चेन असलेला ड्रेस यांचा विचारही करू नये. एक ब्लाउज पाहायचा तर सगळेच उतरवावे लागते. कुर्ता घालायचाच असेल, तर गुडघ्याच्या वर असणारा, बाजूंनी उंच कापलेला आणि पुढून पूर्ण उघडणारा घालावा, म्हणजे तो शर्टासारखाच वापरता येतो. ओढणी घरी ठेवावी. ती हँगरच्या आकड्यात अडकते, जमिनीवर लोळते आणि दहा मिनिटांत कुणाच्या तरी पायाखाली येते.

साडी नेसून जाता येते का, असे पुण्याहून उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या दोन-तीन मावश्यांनी मला विचारले आहे. कोट, शाली आणि बॅगा पाहायच्या असतील तर खुशाल जावे. पदर खोचला की खांदे आणि हात मोकळे राहतात आणि ब्लाउजवर जाकिटाची खांद्यापाशी असलेली बसण उत्तम कळते. एवढेच ध्यानात ठेवावे, की निऱ्यांचा आणि परकराचा मिळून कमरेशी चांगला दीड-दोन इंचांचा जाडपणा असतो. कोटाचे पोटावरचे बटण साडीवर लागत नाही म्हणून कोट लहान आहे असे समजू नये. आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी याच समजुतीने एक नंबर मोठा कोट घेतला आणि तो अंगात घालून त्या जिन्स पँटवर फिरायला निघाल्या, तेव्हा कोट आधी चालू लागला आणि मावशी मागून.

दागिने, टिकली आणि केस

इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये 'लोंबते कानातले घालू नका' एवढेच असते. आपल्याकडचा मामला त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. लांब मंगळसूत्राची वाटी विणलेल्या स्वेटरच्या टाक्यात अडकते आणि स्वेटर डोक्यावरून ओढताना टाका लांब खेचला जातो. वर त्या ओढाताणीत पोत तुटून काळे मणी सगळ्या खोलीभर झाले तर ते वेचायला कुणी थांबत नाही. आखूड मंगळसूत्र बॉडीसूटच्या आत सरकवून ठेवावे किंवा हातातले ब्रेसलेटसारखे असेल तर तेही त्या दिवसापुरते घरी ठेवावे. काचेच्या बांगड्या शिफॉन आणि ऑर्गेंझावर ओरखडे काढतात, शिवाय अरुंद बाहीत फुटू शकतात. खड्यांच्या अंगठीचे आकडे अस्तराचे धागे उचलतात. सर्वांत दुर्लक्षित दागिना जोडव्यांचा. पँटच्या पायात पाऊल घालताना जोडवे अस्तरात अडकते, आपल्याला वाटते पाय अडकला, म्हणून आपण जोर लावतो आणि अस्तर फाटल्याचा आवाज येतो. जोडवी काढायची नसतील तर पातळ मोजे घालावेत. बोटे मोज्यात झाकली की पाऊल सुरळीत सरकते.

टिकली शक्यतो लावू नये. डोक्यावरून घातलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला ती चिकटण्याचा संभव असतो आणि निघताना आपल्या कपाळावर ती नसते. ओले कुंकू, लिपस्टिक, फाउंडेशन आणि काजळ यांना त्या दिवशी सुट्टी द्यावी. फॅशन शोमध्ये वापरलेल्या नमुन्यांच्या गळ्याला मॉडेलच्या मेकअपचे डाग आधीच असतात. त्यांत आपली भर नको आणि आपण पाडलेल्या डागाबद्दल काउंटरवर वादही नको. आदल्या रात्री केसांना तेल लावले असेल तर सकाळी धुवावे. केस घट्ट वेणीत किंवा खाली मानेजवळ अंबाड्यात बांधावे. डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा अरुंद गळ्यातून जात नाही. आकडे वापरू नयेत, साधे कापडी रबर बरे. अत्तर टाळावे आणि घामाची काळजी मात्र आवर्जून घ्यावी, पण पांढरे डाग पाडणारी डिओडरंटची कांडी लावून जाऊ नये. काळ्या ड्रेसच्या काखेत त्या कांडीची पांढरी रेघ उमटलेली मी जवळजवळ प्रत्येक सेलमध्ये पाहिली आहे.

पायांत

नाडी, बक्कल आणि चेन नसलेले, न वाकता पायात सरकवता येणारे सपाट बूट घालावेत. रांग तास-दोन तासांची असू शकते, फरशी काँक्रीटची असते, आणि आत बसायला खुर्ची नसते, म्हणून तळवा मऊ हवा. चपला आणि सँडल उन्हाळ्यात मोह घालतात, पण गर्दीत बोटांवर कुणाचा तरी पाय पडतो. अनवाणी तर मुळीच फिरू नये. नमुन्याच्या कपड्यांना जागोजाग टाचण्या लावलेल्या असतात, त्या गळून जमिनीवर पडलेल्या असतात, आणि लेबलांच्या प्लॅस्टिकच्या टोकदार काड्याही सगळीकडे विखुरलेल्या असतात.

बूट-सँडल घ्यायचे असतील तर हंगामाप्रमाणे मोजे नेण्यात शहाणपण आहे. जाड लोकरी मोज्यांवर पाहिलेला बंद बूट पुढे उन्हाळ्यात ढिला होतो. लांब झग्यासाठी काही जणी पिशवीत उंच टाचांचे बूट नेतात; मला त्या ओझ्याची गरज वाटत नाही. आरशापुढे चवड्यांवर उभे राहिले की झग्याची लांबी पुरेशी कळते, आणि लांबी हा तसाही सर्वांत सोपा दोष आहे, कारण खालून कापून तुरपाई करून घेता येते.

कोट, बॅग आणि कमरेचे पाकीट

न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात जाड कोटाशिवाय रांगेत उभे राहणे शक्य नाही आणि आत गेल्यावर तोच कोट अडचणीचा होतो. बऱ्याच सेलमध्ये दाराशीच कोट आणि मोठ्या बॅगा जमा करून घेतात आणि बिल्ला देतात. हे ऐच्छिक नसते. म्हणून कोटाच्या खिशात काहीही ठेवू नये आणि नवा, महागडा कोट घालून जाऊ नये, कारण तो शे-दोनशे कोटांच्या ढिगात पडणार असतो. थंडीसाठी खालच्या अंगात, स्कर्टाखाली, काढता येतील असे लोकरी लेगिंग घालावे आणि आत जाण्यापूर्वी, रांग दाराजवळ आली की ते उतरवून कोटाबरोबर जमा करावे. घेरदार स्कर्टाचा हा आणखी एक उपयोग. जुलै-ऑगस्टमध्ये उलट घडते: बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीचा गारवा. तेव्हा पुढून उघडणारे पातळ कार्डिगन कामी येते आणि रांगेसाठी छोटा रुमाल जवळ ठेवावा, कारण घामेजल्या अंगाने रेशीम घालून पाहणे कपड्यालाही बरे नाही आणि मागून तो घालणाऱ्या बाईलाही.

पैसे, फोन, ओळखपत्र आणि बिल्ला यांसाठी कमरेला बांधायचे किंवा खांद्यावरून तिरके घालायचे छोटे, सपाट पाकीट असावे. कमरेचे पाकीट पँट पाहताना पाठीकडे सरकवता येते आणि जाकीट पाहताना सैल करून खाली घेता येते. खांद्यावर लटकणारी पर्स दर दोन मिनिटांनी जमिनीवर ठेवावी लागते आणि जमिनीवर ठेवलेल्या पर्सकडे लक्ष ठेवायला तिसरा डोळा लागतो. पाकिटात दोन गोष्टी आठवणीने ठेवाव्यात. पहिली म्हणजे शिंप्याची मापाची टेप आणि आपली छाती, कंबर, सीट, खांदा आणि बाहीची लांबी लिहिलेली चिठ्ठी. युरोपातल्या कपड्यांवरचे आकडे फसवे असतात: इटालियन ४०, फ्रेंच ३६, ब्रिटिश ८ आणि अमेरिकन ४ हे एकच माप आहे, आणि घाईत फ्रेंच ४० इटालियन समजून उचलणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. दुसरी म्हणजे थोडी रोख रक्कम कार्डाबरोबर. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्याच्या नगावर विक्रीकर नाही आणि त्यापुढच्या नगावर ८.८७५ टक्के कर लागतो, तेव्हा लेबलवर १२० वाचून तितकेच पैसे काढून ठेवू नयेत.

घालून पाहताना

पोशाखाची तयारी चांगली असली तरी आरशापुढची जागा मिनिटभरच मिळते, म्हणून पाहण्याचा क्रम ठरलेला असावा. जाकीट किंवा कोट अंगावर चढवला की आधी खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर येते का ते पाहावे, मग दोन्ही हात पुढे घेऊन मिठी मारल्यासारखे करावे. मुंढा काचला किंवा पाठ ताणली तर कपडा परत टांगावा. कंबर आत घेता येते, शिवणीत माया असेल तर थोडी सोडताही येते, बाही आखूड करता येते. खांदा मात्र नीट करणे म्हणजे जाकीट जवळजवळ नव्याने शिवणे, आणि न्यूयॉर्कमध्ये शिंप्याचे बिल कपड्याच्या किमतीच्या वर जाऊ शकते. पँट घातल्यावर खाली उकिडवे बसून पाहावे. हे करायला आपल्याला लाज वाटते, पण माझी नव्वद डॉलरची पँट एवढ्याने वाचली असती. चेन दोनदा वर-खाली करावी, सगळी काजे-बटणे मोजावी, आणि कपडा काढल्यावर उलटा करून अस्तर उजेडात धरावे. आरसा अडलेला असेल तर शेजारणीला फोन देऊन पाठीचा फोटो काढून मागावा. तिथे कुणी नाही म्हणत नाही, फक्त तिचाही काढून द्यावा लागतो.

उघड्यावर कपडे बदलण्याचा संकोच पहिल्या पाच मिनिटांत जातो, कारण प्रत्येकीचे लक्ष हँगरकडे असते. बार्नीज या दुकानाच्या चेल्सीतल्या वेअरहाऊस सेलमध्ये बायका हँगरच्या रांगांमधल्या बोळातच कपडे बदलत आणि तो प्रकार शहरभर प्रसिद्ध होता. ते दुकान २०१९ साली दिवाळखोरीत निघाले, बोळातली पद्धत मात्र इतर सेलमध्ये टिकून आहे.

पुरुषांना यातले फारच थोडे लागते. पातळ, अंगाबरोबरची बनियन, त्यावर पुढून उघडणारा शर्ट, पँटखाली साधी सायकलिंग शॉर्ट आणि सरकवायचे बूट एवढे पुरे. सूट पाहायचा असेल तर कॉलरचा शर्ट अंगात असावा, कारण टी-शर्टावर सुटाचा गळा कसा बसतो ते कळत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या आरशापुढे एकदा रंगीत तालीम करावी. पूर्ण पोशाख करून, बूट घालून, कमरेला पाकीट बांधून, उभ्यानेच एखादी पँट स्कर्टाआडून घालायची आणि काढायची, आणि किती वेळ लागला ते घड्याळात पाहायचे. कुठे काय अडकते, कोणते बटण एका हाताने निघत नाही, पाकीट कुठे आड येते, हे सगळे दोन वेळा केल्यावर उमगते. मी यासाठी ती गडद निळी लोकरीची पँट वापरते. ती मांडीपर्यंतच जाते, पण तालमीला तेवढे पुरते. तिथपर्यंत चढवून पुन्हा काढायला चाळीस सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर मी बूट बदलते.